चढावरची गाडी सकाळी सुरू होत नाही? आधी तिचं तोंड कुठे होतं ते सांगा

सकाळी सात वाजता फोन आला की पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं. "मेस्त्री, काल रात्री चांगली चालवत आणली, आता सुरूच होईना." मी बॅटरीचं विचारत नाही, डिझेलचंही नाही. विचारतो, "उभी कशी आहे? तोंड वर की खाली?" समोरचा वैतागतो. त्याला ऑफिस गाठायचं असतं आणि मी गाडीची पत्रिका मांडायला बसलेला असतो. पण अर्धं निदान त्या एका उत्तरात असतं.

माझं गॅरेज चिपळूणला. इथे रस्ता खाली, घर वर आणि मधे जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, नाहीतर काँक्रीटचा खडा चढ, अशी बऱ्याच घरांची रचना. त्यात २२ जुलै २०२१ चा पूर आला. वाशिष्ठीच्या पाण्यात गाड्या बुडालेल्या सगळ्यांनी पाहिल्या, आणि तेव्हापासून मुसळधार पावसाचा इशारा आला की लोक संध्याकाळीच गाड्या काढून उंचावर नेऊन लावतात. शहाणपणाचंच आहे. फक्त ज्या गाड्या वर्षभर सपाटीवर उभ्या असतात त्या एका रात्रीत चढावर जातात, आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. त्यामुळे ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की एकदा लिहूनच ठेवतो.

चढ गाडी बिघडवत नाही. आधीच असलेला बारीक दोष सपाटीवर झाकलेला असतो, तो चढ उघडा पाडतो.

लक्षणं नीट बघा, मग हात लावा

"सुरू होत नाही" हे एक वाक्य झालं, आजार चार वेगळे आहेत.

- चावी फिरवली की काहीच नाही, किंवा नुसतं "टक्". सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, उचलतच नाही.
- सेल्फ फिरतो पण जड, दमल्यासारखा. डॅशबोर्डचे दिवे मंद होतात.
- सेल्फ खणखणीत फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही. दहा-पंधरा सेकंद घुर्र घुर्र केल्यावर कशीबशी लागते, आणि मग दिवसभर एका चावीत सुरू होते.
- लागते, दोन-चार सेकंद चालते आणि बंद पडते. पुन्हा लागता लागत नाही.

पहिली दोन लक्षणं विजेची किंवा स्विचची. शेवटची दोन बहुतेक वेळा इंधनाची, आणि चढाचा खरा खेळ तिथेच असतो.

पाचवी एक तक्रार येते: इंजिन चालू आहे, पण चढावर गाडी पुढे निघत नाही, मागे येते, जळका वास येतो. ती क्लचप्लेटची गोष्ट, तिचा इथे संबंध नाही. ती गाडी गॅरेजला आणा.

आधी गाडी जागेवर खिळवा

चढावरच्या गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी उताराच्या बाजूने दोन चाकांना चांगले मोठे दगड लावा. हँडब्रेकवर विश्वास ठेवू नका. तो धरतो तोवर धरतो. गाडीच्या खालच्या अंगाला उभं राहू नका, पोरांना तर अजिबात उभं राहू देऊ नका. आणि चढावर गाडीखाली झोपायचं नाही, मग कारण काहीही असो. मी स्वतः झोपत नाही.

फुकटातल्या तपासण्या

गाडी गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक अर्धवट ओढून लावली असेल तर सगळं वजन गिअर आणि इंजिनवर लटकलेलं असतं. माउंटिंगची, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ती, रबरं जुनी असतील तर इंजिन एका अंगाला पिळून बसतं. त्या ताणात अर्थिंगची, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडी-इंजिनला जोडणारी, सैल वायर सुटल्यासारखी होते आणि सेल्फ नुसता "टक्" करतो. पायाचा ब्रेक घट्ट दाबून गाडी न्यूट्रलला आणा, हलकेच स्थिरावू द्या, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग चावी फिरवा. लागली तर तुम्हाला दोन धागे मिळाले: माउंटिंग आणि अर्थिंग. पुढच्या सर्व्हिसिंगला दोन्ही दाखवा.

ऑटोमॅटिक गाडीत हाच प्रकार वेगळ्या रूपात येतो. आधी 'पी'ला, म्हणजे पार्किंगला, टाकून मग ब्रेक सोडला की गाडी दोन बोटं सरकते आणि आतल्या एका छोट्या खुंटीवर आख्खं वजन येतं. लिव्हर ताणलेला राहतो, त्याचा स्विच नेमक्या जागी बसत नाही, आणि गाडीला वाटतं आपण गिअरमध्ये आहोत. म्हणून सेल्फच मिळत नाही. ब्रेक दाबून 'एन'मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, सुरू करून बघा. यापुढे लावताना आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, गाडी त्यावर टेकली की शेवटी 'पी'. ही सवय लागली की खुंटीही वाचते.

बटणाच्या गाड्यांची एक गंमत सांगतो. इंजिन बंद असताना माणूस घाबरून तीन-चार वेळा ब्रेक दाबतो. तेवढ्यात ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. आता नेहमीच्या जोराने दाबलं तर पेडल पुरेसं खाली जात नाही, ब्रेकचा स्विच लागत नाही, बटण दाबल्यावर नुसता डॅशबोर्ड उजळतो. एका शाळेच्या बाईंची गाडी मी अशी सुरू केली आहे: सीट पुढे घेतली, पाय ताठ करून ब्रेक दाबला, बटण दाबलं. पैसे काय घेणार! चहा घेतला.

तोंड खाली असेल तर पायाखालची मॅट बघा. ती पुढे सरकून क्लचच्या पेडलखाली गोळा होते. ज्या गाडीत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मिळत नाही तिथे एवढ्यानंही काम अडतं. हे वाचून हसाल, पण मॅट ओढून झाल्याशिवाय मला फोन करू नका.

टाकीत किती आहे? काट्याला विचारू नका

पेट्रोल गाडी, सेल्फ छान फिरतोय, पकडत नाही आणि काटा रिझर्व्हच्या आसपास. इथे मी पुढचं काही तपासतच नाही, आधी पाच-सात लिटर पेट्रोल घालायला सांगतो.

हिशेब सोपा आहे. टाकी मागच्या सीटखाली पसरट असते. समजा लांबी साठ सेंटिमीटर, रुंदी पन्नास. तिच्यात ५ लिटर उरलं असेल तर सपाटीवर ते जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर खोल. आता गाडी अशा चढावर लावली की सहा फुटांना एक फूट वर जातो; आमच्याकडच्या घराचे चढ साधारण तेवढे असतातच. टाकीच्या दोन टोकांत दहा सेंटिमीटरचा फरक पडला. पेट्रोल सगळं एका कोपऱ्यात जमणार, आणि पंप दुसऱ्या बाजूला असेल तर तो वारा ओढणार. पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी छोटी वाटी असते, पण जुनी झाली की रात्रभरात तीही रिकामी होते. काट्याचा तरंगता गोळा त्याच पेट्रोलवर डोलत असतो, त्यामुळे चढावर तोही खोटं बोलतो, कधी वर, कधी खाली.

पंप कोणत्या बाजूला आहे यावर तोंड वर असताना त्रास होईल की खाली असताना हे ठरतं. म्हणून ती दिशा लिहून ठेवा. पेट्रोल घातल्यावर लगेच सुरू झाली आणि पुन्हा त्रास झाला नाही तर विषय मिटला. तसंही पेट्रोलमधला पंप पेट्रोलनंच थंड राहतो, रोज रिझर्व्हवर चालवणारा माणूस दोन-तीन वर्षांनी पंपाचं बिल भरतोच.

टाकी भरलेली असूनही पकडत नसेल तर चावी फक्त 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. बऱ्याच गाड्यांत मागून दोनेक सेकंद "ऊंऽऽ" असा आवाज येतो, तो पंप. चावी बंद-चालू असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. एका दमात लागली तर रात्रभरात लाइनमधला दाब उतरतो आहे. आवाजच येत नसेल तर फ्यूज बघा, मॅन्युअलमध्ये जागा दिलेली असते. फ्यूज घातला की पुन्हा उडतोय, तर पुढे जाऊ नका.

बॅटरी आणि टर्मिनल

सेल्फ जड फिरत असेल तरच इकडे या. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा असेल तर आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह काढा, कोमट पाणी आणि जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून उलट क्रमाने घट्ट बसवा. हाताने फिरतंय म्हणजे ते सैल आहे. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा सेल्फ, दोहोंपैकी एकाचं वय झालं. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग ठीक.

पाणी घालायची जुनी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर गाडी कलली की एका बाजूच्या प्लेट उघड्या पडतात. एवढाच काय तो बॅटरीचा आणि चढाचा संबंध. तरीही लोक चढावर गाडी अडली की पहिली नवी बॅटरी आणतात.

डिझेल: इथे जरा बसा

माझ्याकडे येणाऱ्या चढाच्या तक्रारींत डिझेल गाडीचीच जास्त. ओळख अगदी पक्की: तोंड वर करून रात्रभर लावली की सकाळी लांबलचक सेल्फ. तोंड खाली करून लावली की एका चावीत. दुपारी तास-दोन तास उभी राहिली तर काही नाही.

होतं असं. टाकी मागे आणि खाली, फिल्टर आणि पंप पुढे आणि वर. इंजिन चालू असताना पंप टाकीतून डिझेल ओढतो, म्हणजे टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीवर असते. पाण्याच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गळका असला की पाइपातलं पाणी खाली उतरतं, तसंच समजा. या लाइनीत कुठे सुईच्या टोकाएवढी जरी फट असली तरी गाडी बंद झाल्यावर तिथून वारा आत शिरतो आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. तोंड वर असलं की फिल्टर टाकीपेक्षा अजून उंच जातो. अडीच मीटर अंतराला, मघाच्या सहाला एक फुटाच्या चढावर, चाळीस सेंटिमीटरची भर पडते. सकाळी सेल्फ मारता तेव्हा पंप आधी तो वारा ओढत बसतो. आम्ही म्हणतो, गाडीने एअर घेतली.

आणि म्हणूनच हा दोष सापडत नाही. फट आहे, पण खाली डिझेलचा एक थेंब पडत नाही, कारण ती बाहेर टाकत नाही, आत ओढते. माणूस खाली वाकून बघतो, जमीन कोरडी, म्हणतो गळती नाही.

दोन वर्षांपूर्वी एका बागायतदार काकांचा पिकअप आला. आंब्याचा हंगाम, बाग डोंगरावर, पहाटे चारला पेट्या भरून निघायचं आणि गाडी अर्धा तास नाचवायची. तोवर कुठेतरी नवी बॅटरी बसवून झाली होती, सेल्फही खोलून झाला होता. मी विचारलं, "काका, हे सुरू कधीपासून?" ते म्हणाले, "फाल्गुनात सर्व्हिसिंग केली तेव्हापासून." सर्व्हिसिंगला डिझेल फिल्टर बदलला होता. फिल्टरच्या पाइपच्या बोल्टखाली तांब्याचे दोन वायसर, म्हणजे चकत्या, असतात, ते जुनेच परत लावलेले. एकदा दाबून चपटा झालेला वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दोन नवे वायसर, पन्नास रुपयेसुद्धा नाहीत. काका बराच वेळ तो जुना वायसर बोटात फिरवत उभे होते. बॅटरीचं बिल आठवत असणार.

तर क्रम असा.

पहिलं, काही न खोलता: टाकी बऱ्यापैकी भरा आणि दोन रात्री तोंड खाली करून लावा, नंतर दोन रात्री तोंड वर. फरक स्पष्ट दिसला तर हवेचाच विषय. तोंड खाली असताना टाकी वर जाते आणि चढ खडा असेल तर तीच फट आता बाहेर पाझरते. रात्री फिल्टरखाली आणि पाइपांच्या जोडांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अडकवून ठेवा. सकाळी कागदावर तेलकट डाग कुठे उमटला ते बघा. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, बायकोने पुऱ्या कागदावर काढून ठेवल्या होत्या तेव्हा सुचली.

दुसरं, फिल्टरवरचा हातपंप. सकाळी सेल्फ मारायच्या आधी तो दाबून बघा. दोन-तीन दाबांत कडक झाला तर लाइन भरलेली आहे, दोष दुसरीकडे. पंधरा-वीस दाब मऊ गेले आणि मग कडक झाला, आणि त्यानंतर गाडी पटकन लागली, तर लाइन रात्री रिकामी झाली होती. शंका उरली नाही. रबरी हातपंप असेल तर त्याच्यावर भेगा आहेत का बघा, तो स्वतःच वारा घेणारा निघतो.

तिसरं, क्लिपा आणि रबरी नळ्या. नळीचं टोक बोटाने वाकवा, बारीक चिरा दिसल्या तर तेवढा तुकडा बदला. उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही बघितल्या आहेत, पावसाळ्यात उंदराला गरम इंजिनसारखी जागा नाही. फिल्टर नुकताच बदलला असेल तर संशय आधी त्याच्या रबरी रिंगवर आणि वायसरवर.

चौथं, हात बसलेला असेल तरच: फिल्टर आणि पंप यांच्या मधल्या कमी दाबाच्या नळीत डिझेलला चालणारी पारदर्शक नळी वीतभर जोडा. सकाळी दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि नळीकडे बघा. सलाइनच्या नळीत बुडबुडा सरकतो ना, तसे बुडबुडे एकामागून एक येताना दिसतील. मग तीच नळी फिल्टरच्या आधी जोडा. तिथेही बुडबुडे आले तर फट टाकीच्या बाजूला. तिथे लाइन स्वच्छ असेल तर फट फिल्टरमध्येच.

थंडीत महाबळेश्वर-पाचगणीकडून येणारे ग्राहक चढाला दोष देतात आणि निघतो हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणारा प्लग. सपाटीवरही थंड सकाळी तसाच त्रास होत असेल, सुरू होताना पांढरा धूर आणि खडखडाट असेल, तर चढ निर्दोष आहे. आणि फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, ते पावसाळ्यात महिन्यातून एकदा सोडा.

दुचाकी

थोडक्यात. कार्बोरेटरची जुनी गाडी उतारावर साइड स्टँडवर कलून उभी राहिली की आतल्या फ्लोटची, म्हणजे पेट्रोल अडवणाऱ्या तरंगत्या गोळ्याची, पातळी बिघडते, पेट्रोल वाहून इंजिन ओलं होतं. पेट्रोलचा कॉक बंद करा, चोक देऊ नका, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारा. नव्या, बीएस-६ गाड्यांत बहुतेक इंजेक्शन आहे, तिथे साइड स्टँडचा स्विच आधी बघा. चिखल अडकला की स्टँड वर गेल्याचं गाडीला कळत नाही.

उतारावर सोडून सुरू करणं

आमच्याकडचा जुना उपाय. मी करू नका म्हणतो. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन दाबांत कडक होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढलेली असेल तर लॉकही होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडी तशी सुरूच होत नाही. घाटात तर विचारही नको.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

दहा सेकंदांचा सेल्फ, मधे अर्धा मिनिट विश्रांती, असं तीनदा करून लागली नाही तर थांबा. त्यापुढे सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातात.

पेट्रोलचा वास येत असेल तर चावीलासुद्धा हात लावू नका.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती, किंवा पाणी एअर फिल्टरपर्यंत चढल्याची शंका असेल, तर एकदाही सेल्फ मारायचा नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २०२१ मध्ये पाणी ओसरल्यावर "बघू तर" म्हणून चावी फिरवलेल्या गाड्यांची इंजिनं खोलावी लागली, न फिरवलेल्या काही थोडक्यात सुटल्या.

कूलंट वरचेवर कमी होतंय आणि सकाळी पांढरा धूर येतोय, तर हेड गॅसकेटकडे बघावं लागेल. ते घरचं काम नाही.

कॉमन रेल, म्हणजे नव्या पद्धतीच्या जास्त दाबाच्या, डिझेल इंजिनात पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी नळ्यांना पाना लावू नका. तिथे हजार बारच्या वर दाब असतो, फवारा कातडीत घुसतो. जुन्या गाड्यांत नट सैल करून एअर काढायचे, ते या गाड्यांत चालत नाही. हीटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रेही मारू नका.

मेकॅनिकला फोन करताना एवढं सांगा: तोंड कुठे होतं, टाकीत किती होतं, किती तास उभी होती, सेल्फ कसा फिरतोय, धुराचा रंग, आणि गेल्या दोन महिन्यांत गाडीवर कुणी काय काम केलं. हे शेवटचं लपवू नका. आणि गाडी रस्त्यात अडचण करत नसेल तर चार जणांना बोलावून ढकलत सपाटीवर आणू नका. मी येईपर्यंत ती आहे तशीच उभी राहू दे. सपाटीवर आणली की ती एका चावीत सुरू होते, आणि मग मी काय बघू?